फोन फोडून कुणाची इज्जत वाचली?



हे सरकारला लिहिलेलं नाही. कंपन्यांनाही नाही, त्यांची खबर पुढं घेतेच. हे आधी तुम्हाला आहे. मोर्चात पुढं चालणाऱ्या, बॅनर धरणाऱ्या, पाच-पाच ग्रुपांचे अ‍ॅडमिन असणाऱ्या आणि घरी गेल्यावर बहिणीच्या हातातला फोन हिसकावून भिंतीवर आपटणाऱ्या माझ्या भावांना.

आपटतात. बघितलंय मी. काचेचा चुरा मीच केरसुणीनं गोळा केलाय.

पोरगी चौदा वर्षांची, नववीतली. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत रोज संध्याकाळी येणारी. २०२४ च्या १४ एप्रिलला निळा फेटा बांधून मिरवणुकीत नाचली. मैत्रिणीनं फोनवर काढलं, हिनं टाकलं. पंधरा-वीस सेकंदांचं रील. त्यातून तिचा चेहरा उचलून एका पोरानं कुठल्याशा अ‍ॅपवर बनावट घाणेरडा फोटो तयार केला आणि तिलाच पाठवला. खाली मेसेज : पैसे दे, नाहीतर शाळेच्या ग्रुपवर टाकतो. आणि त्याच्याखाली जातीवरून शिवी. ती मी इथं छापत नाही. तुम्हाला पाठ आहे ती, शाळेपासून खाल्लीय आपण सगळ्यांनी.

पोरीनं आईच्या फोनवरून आधी पाचशे पाठवले, मग तीनशे. आईच्या भिशीचे. अकरा दिवस ती हे पोटात घेऊन अभ्यासिकेत बसत होती, माझ्यासमोर, बीजगणित सोडवत. मला कळलं नाही. तुम्ही म्हणाल ताई, तुला कसं कळलं नाही? नाही कळलं. गप्प तर आमच्या पोरी नेहमीच असतात. गप्प बसणं ही शिस्त समजणारी माणसं आहोत आपण.

बाराव्या दिवशी तिनं सांगितलं. त्याच रात्री भावाला कळलं. भाऊ आपलाच कार्यकर्ता आहे. घोषणा द्यायला उभा राहिला तर चौक हलवतो. त्यानं आधी पोरीच्या कानाखाली काढली आणि मग फोन भिंतीवर मारला. शब्द काय निघाले तोंडातून? ‘इज्जत घालवलीस’. च्यायला, कुणी घालवली? फोटो तयार करणारा पलीकडच्या सोसायटीत एसी लावून झोपलेला, आणि मार कुणाला? जिनं काहीच केलं नव्हतं तिला.

फोनबरोबर काय फुटलं ते ऐका. तो फोटो गेला. मेसेज गेले. ज्या नावानं तो बोलत होता ते खातं त्यानं दोन दिवसांत बंद केलं. पुरावा म्हणून उरल्या फक्त आईच्या बँकखात्यातल्या दोन नोंदी, पाचशे आणि तीनशे. त्या नोंदींवरूनच पुढं माग लागला आणि पोरगा सापडला. एकोणीस वर्षांचा, कॉलेजात जाणारा. कुणी परदेशी हॅकर नव्हता. रोज तिच्याच रस्त्यानं स्कूटी घेऊन जायचा.

आणखी एक गोष्ट फुटली. अमेरिकेतली एक संस्था आहे, हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीचं नॅशनल सेंटर. २०२३ साली तिनं ‘टेक इट डाऊन’ नावाची फुकट सोय काढली. अठराच्या आतल्या वयाचा असा फोटो असेल तर तो कुठंच पाठवावा लागत नाही. आपल्या फोनवरच त्याचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो. नाव सांगावं लागत नाही. ज्या कंपन्या त्यात सामील आहेत त्या तो ठसा आपल्याकडं जुळवून बघतात आणि फोटो अडवतात. पण ठसा घ्यायला आधी फोटो फोनात असावा लागतो. आमचा भिंतीवर गेला होता. म्हणजे तो फोटो शाळेच्या ग्रुपवर पडण्यापासून अडवायची एक वाट होती, आणि ती ‘इज्जत’ वाचवणाऱ्यानंच बंद केली.

आता चौकीचं सांगते. नाव नको, सगळ्या सारख्याच. आई, पोरगी आणि मी संध्याकाळी सातला गेलो, नंबर लागला पावणेअकराला. टेबलापलीकडचा पहिला प्रश्न काय? ‘मुलगी रील कशाला टाकते?’ मी म्हटलं, साहेब, पोक्सो २०१२ चा आहे. त्याचं २४ वं कलम म्हणतं, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा, शक्यतो बाई अधिकाऱ्यानं, अंगावर वर्दी नको, आणि मुलाला रात्री चौकीत थांबवून ठेवायचं नाही. साहेबानं घड्याळाकडं बघितलं. ‘तुम्ही वकील का?’ नाही. मी पोरांना गणित शिकवते.

अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लावा म्हटलं तेव्हा तर हसलाच. नेटवर कसली अ‍ॅट्रॉसिटी? समोरासमोर कुठं बोललाय तो? आता हे तुम्ही पाठ करून ठेवा. जुलै २०२२ मध्ये केरळच्या हायकोर्टानं एका यूट्यूबवाल्याच्या प्रकरणात सांगितलंय की जातीवरून अपमान नेटवर केला म्हणून कायदा सुटत नाही. ज्याचा अपमान झाला तो माणूस समोर उभा पाहिजे असं नाही, ते जेव्हा जेव्हा कुणी उघडून बघेल तेव्हा तो तिथं हजर आहे. अर्थात ते सगळ्यांना दिसेल अशा जागी टाकलेल्याबद्दल होतं. आमच्या पोरीला शिवी आली ती खासगी मेसेजात, आणि खासगीत दिलेली शिवी ‘लोकांच्या नजरेसमोर’ कशी म्हणायची, हा वकिलांचा घोळ आहे. तो मी लपवत नाही. पण घोळ कोर्टात सोडवायचा असतो, चौकीत हसून नव्हे. तिसऱ्या दिवशी गुन्हा नोंदला गेला, पोक्सो आणि आयटी कायद्याचं ६७-ब लावून. जातीची शिवी जबाबात आली, कलमात नाही आली. त्यासाठी वकील अजून भांडतोय.

हे सगळं चालू होतं त्याच महिन्यात मी एका हॉलात ‘मुलांची सायबर सुरक्षा’ या विषयावरचं व्याख्यान ऐकायला गेले. पुढच्या रांगेत सगळ्या आया, सुती कुर्ते घातलेल्या. वक्ता पडद्यावर धोके दाखवत होता. अनोळखी काका, गेमचं व्यसन, अश्लील चित्रं, डोळे खराब होणं. त्या धोक्यांच्या यादीत जात नव्हती. मी हात वर करून विचारलं. वक्ता म्हणाला, ‘मॅडम, इंटरनेटवर जात नसते.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या हो.

नसते? आमच्या वस्तीतला बारा वर्षांचा पोरगा गेम खेळताना स्वतःचं आडनाव लावत नाही. कुणी शिकवलं त्याला? आडनाव लावलं होतं तेव्हा कानातल्या हेडफोनमधून काय ऐकू आलं त्यानं शिकवलं. बाबासाहेबांच्या गाण्याचा व्हिडिओ उघडा आणि खालच्या कमेंटी वाचा. आपलं दहा वर्षांचं पोरगं बापाच्या फोनवर तो व्हिडिओ बघतं तेव्हा ते खालचंही वाचतं, वाचायला तर आपणच शिकवलंय. शिर्डीत २०१५ साली आपल्या एका तरुणाला बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून जिवानिशी मारलं. फोनमधली जात फोनच्या बाहेर यायला किती वेळ लागतो ते आपल्याला व्याख्यानातून कळायला नको. यूट्यूबच्या द्वेषविरोधी नियमात जात हा शब्द छापील आहे, फेसबुकच्याही आहे. छापलेलं असणं आणि पाळलेलं असणं यात काय अंतर असतं हे ज्यांनी संविधान रोज मोडताना बघितलंय त्यांना मी काय सांगू? एका बड्या अ‍ॅपवर मी मराठीतली उघड जातिवाचक शिवी सात वेळा कळवली. सातही वेळा उत्तर आलं, आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.

मग सुरक्षा म्हणजे काय करायचं? ज्याला त्याला एकच उपाय सुचतो. काढून घ्या. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशीच्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये अठराच्या आतल्यांना मोबाईलबंदी केली. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियाची दारं लावली. तेव्हापासून आपल्याकडंही ‘असंच पाहिजे’ म्हणणारे दिसायला लागलेत. ऑस्ट्रेलियानं निदान दंड कंपन्यांवर ठेवलाय, पोरांवर नाही. आपल्याकडं बंदी म्हटली की मार पोराच्या पाठीवर आणि त्यातही पोरीच्या.

जुलै २०१९ आठवतो का? गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात ठाकोर समाजाच्या बारा गावांनी ठराव केला की लग्न न झालेल्या मुलींनी मोबाईल वापरायचा नाही. कारण दिलं मुलींच्या भल्याचं, अभ्यासाचं. आणि त्याच ठरावांमध्ये दुसरं काय होतं? पोरगा किंवा पोरगी जातीबाहेर लग्न करील तर आई-बापाला दंड. एकाच कागदावर दोन्ही! १९१६ साली कोलंबियात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला तो पुन्हा काढून बघा. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यानं, आणि ते टिकवायला बाईवर पहारा बसवावा लागतो. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही त्या पहाऱ्याची हत्यारं, असं त्यांनी मांडलं. आज ते पंच मोबाईल काढून घेतात. मी म्हणते, हत्यार बदललं. आणि आपला भाऊ ‘इज्जत’ म्हणून फोन फोडतो तेव्हा त्याच्या हातात तेच हत्यार असतं. त्यानं निळा शर्ट घातला म्हणून त्याचा रंग बदलत नाही.

सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट मात्र वेगळी वाटते. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला, आणि दीड तास सगळ्या गावानं टीव्ही-मोबाईल बंद ठेवून पोरांनी अभ्यास करायचा. ‘सगळ्या गावानं’ हा त्यातला चांगला भाग. मोठ्यांनीही बंद करायचा. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं, एक बल्ब आणि एक फोन, तिथं सातला काय बंद करणार हा प्रश्न आहेच. पण निदान बापानं रील बघत बसून पोराला फटके मारायचे, असा तो उपाय नाही.

पण दोस्तांनो, आपल्या घरात फोन आला कसा ते विसरू नका. हौस म्हणून नाही आला. सरकारच्याच २०१७-१८ च्या पाहणीत इंटरनेटची सोय असलेली घरं शहरात शेकडा ४२ आणि खेड्यात शेकडा १५ होती. आणि २०२० मध्ये फर्मान निघालं, शाळा आता फोनवर. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात १ जून २०२० ला, ऑनलाइन वर्ग सुरू झाले त्याच दिवशी, मजुराच्या घरची एक दलित शाळकरी पोरगी गेली. घरातला टीव्ही बिघडलेला, स्मार्टफोन नाही. आमच्या वस्तीत आयांनी मंगळसूत्रातले मणी विकून हप्त्यांवर फोन घेतले. आता त्याच आयांना सांगताय, पोराच्या हातात फोन दिलातच कशाला?

बरं, आपल्या घरात पोर म्हणजे नुसतं पोर नसतं, कारकून असतं. शिष्यवृत्तीचा फॉर्म कोण भरतं? रेशनचं केवायसी, गॅसचा नंबर, बापाच्या मजुरीचे पैसे आले का ते बघणं? आईचा ओटीपी तिच्याआधी पोरीला माहीत असतो. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा म्हणतो, अठराच्या आतल्यांची माहिती घ्यायची तर पालकाची खात्रीलायक संमती घ्या, मुलांचा माग काढू नका, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती टाकू नका. मोडलं तर दोनशे कोटींपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमलबजावणीला टप्प्याटप्प्यानं दीड वर्षापर्यंतची मुदत देऊन. माग काढू नका, हे चांगलंच आहे. कंपनीचा धंदाच पोराला पडद्याला चिकटवून ठेवण्यावर उभा आहे, तिथं लगाम पाहिजेच. पण पालकाची संमती? आमच्या घरात ती संमतीही पोरगीच देणार. आईच्या फोनवरून, आईच्या ओटीपीनं, आईला स्वयंपाकघरातून ‘आई, हो म्हणू ना?’ एवढं विचारून. हा कायदा करताना डोळ्यासमोर कुठली आई होती ते मला त्या हॉलातल्या पुढच्या रांगेत दिसलं होतं.

आता आपल्याच दारात झाडू मारते. राग आला तर येऊ द्या.

अत्याचाराचे व्हिडिओ आपल्या ग्रुपांवर कोण टाकतं? आपण. जुलै २०१६ मध्ये उन्याला आपल्या पोरांना गाडीला बांधून मारलं, त्याचा व्हिडिओ मारणाऱ्यांनीच फिरवला होता, दहशत बसावी म्हणून. आपण तो उलटवला. गुजरात पेटला, देश हलला. व्हिडिओ नसता तर ते प्रकरण चौकीतच गाडलं गेलं असतं हे मला मान्य आहे. पण त्यानंतर आपल्याला सवय लागली. दर आठवड्याला एक. मारलेला, नागवा केलेला, जळालेला आपला माणूस, आणि खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’. तो फोन घरी खाटेवर पडलेला असतो आणि सात वर्षांचं पोरगं तो उघडतं. आमच्या अभ्यासिकेत चित्र काढा म्हटलं तर एका पोरानं झाडाला बांधलेला माणूस काढला. कुठं बघितलंस? ‘पप्पांच्या ग्रुपवर.’ आपला ग्रुप. मीही त्यात आहे, आणि त्या आठवड्यात तो व्हिडिओ मीही पुढं पाठवला होता.

त्याहून वाईट, पीडित लहान पोरीचा फोटो आणि नाव. ‘न्याय मिळालाच पाहिजे’ असं वर लिहून. पोक्सोचं २३ वं कलम नाव, फोटो, पत्ता, घरचे, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही छापायला बंदी करतं, आणि ते ज्या पोरीसाठी आपण मोर्चा काढतो तिच्यासाठीच केलेलं आहे. तिला उद्या त्याच शाळेत जायचंय. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की मुलांच्या शोषणाची चित्रं तक्रार न करता नुसती जवळ ठेवणं हाही गुन्हा होऊ शकतो. तेव्हा ‘पुरावा म्हणून ठेवलंय’ आणि ‘लोकांना कळावं म्हणून टाकलं’ या बाता बंद करा.

आमच्या पोरीच्या वेळी आपल्याच दोन कार्यकर्त्यांनी मला विचारलं होतं, ‘ताई, तो फोटो असेल तर पाठवा ना, प्रकरण लावून धरतो.’ त्यांच्या डोक्यात वाईट काही नव्हतं. त्यामुळं तर जास्त भीती वाटली.

अभ्यासिकेत आम्ही आता काय करतो ते सांगते, फार मोठं काही नाही. दर महिन्याला एका रविवारी पोरांना बसवतो, आणि दुसऱ्या रविवारी आई-बापांना, भावांना. पोरांना सांगतो, धमकी आली तर पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की मागणी वाढते. मेसेज पुसायचे नाहीत, नाव-नंबर-तारीख वहीत लिहायची. घाणेरडा फोटो कुणालाच पुढं पाठवायचा नाही, मलासुद्धा नाही. १०९८ हा मुलांचा नंबर. पैसे गेले असतील तर लगेच १९३०. आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर मुलांबाबतची अशी तक्रार नाव न देताही करता येते.

हे पोरं अर्ध्या तासात शिकतात. मोठ्यांना वेळ लागतो. त्यांच्याकडून एकच वदवून घेतो, पोरानं येऊन सांगितलं तर हात उचलणार नाही आणि फोन काढून घेणार नाही. साधी गोष्ट आहे. पहिल्या रविवारी एकवीस बाप आले होते, वदले नऊ. बाकीचे म्हणाले, मग धाक काय राहिला? मी त्या पोरीला, नाव न घेता तिच्या परवानगीनं, विचारलेलं त्यांना सांगितलं. अकरा दिवस का नाही बोललीस? तिचं उत्तर होतं, ‘त्या पोराची भीती नव्हती ताई. दादाची होती. आणि शाळा सुटेल याची.’

भाऊ त्या दिवशी मागं उभा होता. काही बोलला नाही. पुढच्या रविवारी सतरंज्या घालायला आला, तेवढं खरं. ग्रुपांचं मात्र अजून ठरलेलं नाही. व्हिडिओ टाकायचे नाहीत तर बातमी पोचणार कशी, यावर दोन बैठका भांडणात गेल्या. चेहरे झाकून टाकावेत असं एक म्हणणं आहे, मोठ्यांचा वेगळा ग्रुप करावा असं दुसरं. माझं मत, व्हिडिओ वकिलाकडं आणि पत्रकाराकडं जावा, ग्रुपवर फक्त मजकूर. तुमचं कळवा.

आणि त्या फोडलेल्या फोनचे हप्ते राहिले होते, सात. ते त्याच्या आईनं भरले, आणखी दोन घरची भांडी धरून.